‘आधी सुधारतो, मग प्रभूकडे येतो’ म्हणणाऱ्या बंधूस

प्रश्न विचारणारे बंधू मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) सभासद आहेत, वय पन्नाशीच्या आसपास. दारू सोडली आहे, मिळकतीचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, मंडळीला देतात, रविवारची उपासना सहसा चुकवत नाहीत. वडील गेल्यानंतर चाळीतल्या खोलीवरून धाकट्या भावाशी बिनसले. पुनर्विकासाच्या कागदांवर नाव कोणाचे लागणार यावरून बोलणेच बंद झाले. तेव्हापासून ते प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेत नाहीत. बाकीचे पुढे जातात, हे मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. ते विचारतात: “विश्वासावर विसंबा असे उपदेशात कायम ऐकतो. पण म्हणजे नक्की करायचे काय? इतकी वर्षे चांगले वागलो त्याला काहीच किंमत नाही का? मी आधी सुधारतो आणि मग प्रभूकडे येतो, यात चुकले कुठे?”

बंधू, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन्ही त्यातच अडकले आहेत. ‘आधी सुधारतो’ हे ऐकायला नम्र वाटते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे सुधारल्यावर तुम्ही प्रभूसमोर उभे राहायला लायक व्हाल. भावाशी भांडण नव्हते तेव्हा तुम्ही बिनदिक्कत पुढे जात होता, आता भांडण आहे म्हणून मागे बसता. म्हणजे तेव्हाही तुमचा भरवसा तुमच्या वागण्यावर होता आणि आताही आहे. फरक इतकाच की तेव्हा वागणे बरे होते आणि आता नाही. मंडळीत अभिमानाने पुढे बसणारा आणि शरमेने मागे बसणारा हे पुष्कळदा एकाच आजाराचे रोगी असतात, आणि मागे बसणाऱ्याला आपण उगाच जास्त धार्मिक समजतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातले, मंदिरात प्रार्थनेला गेलेले दोघे, परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी) आणि जकातदार (लोकांना लुबाडणारा म्हणून बदनाम असलेला कर वसूल करणारा), तुम्हाला पाठ असतील. तो दाखला प्रभूने कोणाला सांगितला हे मात्र आपण घाईत वाचून पुढे जातो. आपण नीतिमान आहोत असा स्वतःविषयी भरवसा धरून इतरांना तुच्छ मानणाऱ्यांना तो सांगितला, असे लूक सुरुवातीलाच म्हणतो. आता त्या परुश्याकडे नीट बघा. तो खोटारडा नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो, व्यभिचार करत नाही. असा माणूस आपल्या मंडळीच्या पंच कमिटीला मिळाला तर आपण त्याला खजिनदार करू. आणि तो बढाईसुद्धा थेट मारत नाही, “देवा, मी तुझे आभार मानतो” अशी सुरुवात करतो. श्रेय देवाला देऊन झाले आहे, तरी टेकू स्वतःचाच आहे. जकातदार दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि दया मागतो. सुधारून दाखवीन, घेतलेले पैसे परत करीन, असे काहीही तो त्या वेळी बोलत नाही. तरीही नीतिमान ठरून घरी जातो तो.

या दाखल्यात एक खाचही आहे. वाचून झाल्यावर आपण मनात म्हणतो, बरे झाले मी त्या परुश्यासारखा नाही. झाली की त्याचीच प्रार्थना! आपल्याकडे काही जण साक्ष देताना आपण किती पापी होतो ते इतके रंगवून सांगतात की पापाचाही मोठेपणा वाटावा. रडणेसुद्धा कर्म होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

तुमचा पहिला प्रश्न, म्हणजे करायचे काय. प्रेषित पौलाचे उदाहरण घेऊ. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आपली यादी देतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राबाबत परुशी आणि त्यातल्या नीतिमत्त्वाबाबत निर्दोष. मुंबईच्या मराठी मंडळीत हीच यादी वेगळ्या शब्दांत ऐकू येते. आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. पणजोबा नगरच्या मिशनमध्ये पंतोजी होते. आमच्या आजीला अख्खे ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक तोंडपाठ होते. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला काम सुरू झाले, तेव्हा आपल्याकडे पिढ्या मोजायला भरपूर जागा आहे. पौल त्या यादीतली एकही गोष्ट वाईट म्हणत नाही. ख्रिस्त मिळावा म्हणून ती सगळी तोट्याच्या बाजूला टाकली, असे म्हणतो. इथे थोडे थांबा. त्याने आपली पापे टाकली हे आपल्याला लगेच पटते. त्याने आपले पुण्यही टाकले, हे गिळायला जड जाते.

मग विसंबणे म्हणजे हे: देवाने मला का स्वीकारावे, असे कोणी विचारले तर उत्तरात ‘मी’ हा कर्ता न येणे. मी दारू सोडली म्हणून नाही, मी प्रार्थना करतो म्हणून नाही, मला मनापासून वाईट वाटते म्हणूनही नाही. ख्रिस्त माझ्यासाठी मेला आणि उठला म्हणून. हे एकदा बाप्तिस्म्याच्या वेळी बोलून संपत नाही. माझ्या अनुभवात ते दोन प्रसंगी पुन्हा पुन्हा करावे लागते: पडल्यानंतर आणि चांगला दिवस गेल्यानंतर. पडल्यावर आपण चार दिवस प्रार्थनेला बसत नाही, जणू चार दिवसांत डाग फिका होणार आहे. आणि चांगला दिवस गेला की प्रार्थनेत आवाज जरा वाढतो. स्वतःवर लक्ष ठेवून बघा.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज जॉन वेस्लीची गोष्ट याच वळणाची आहे. १७२८ मध्ये पाळकपदाची दीक्षा झालेला हा माणूस. ऑक्सफर्डला असताना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी उपास, नियमित प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असा इतका काटेकोर क्रम धरला होता की लोक त्यांची टिंगल करीत. पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या जॉर्जियात मिशनकामाला गेला आणि तिथून निराश होऊन परतला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत तो मनाविरुद्धच गेला. तिथे कोणीतरी रोमकरांच्या पत्राला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होते. ती ऐकताना आपले हृदय विलक्षण उबदार झाले, तारणासाठी आपण ख्रिस्तावर आणि केवळ ख्रिस्तावरच भरवसा ठेवतो आहोत असे वाटले, हे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. त्या संध्याकाळी त्याच्या वागण्यात सुधारायला फारसे काही उरलेच नव्हते. बदलला तो टेकू. आणि त्यानंतर त्याचे काम कमी झाले का? घोड्यावरून हजारो मैल फिरत म्हातारपणापर्यंत तो उपदेश करत राहिला.

आता एक सावधगिरी, कारण मुंबईत हे फार चालते. ‘कर्मावर नाही, विश्वासावर’ असे म्हणता म्हणता आपण विश्वासालाच कर्म करून टाकतो. चंगाईच्या सभेत आजारी माणसाला सांगतात, विश्वास ठेव, बरा होशील. नाही झाला बरा, तर तुझा विश्वास कमी पडला! डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे. असे बोलणाऱ्यांवर मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आपल्या आजारी मुलाला प्रभूकडे आणणाऱ्या त्या बापाने काय म्हटले? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. आणि प्रभूने मुलगा बरा केला. ‘आधी विश्वास पक्का करून ये’ असे म्हणून त्याला परत पाठवले नाही. तुमचा विश्वास किती, हे मोजत बसलात तर नजर पुन्हा स्वतःकडेच वळली. तो कोणावर आहे तेवढे बघा.

तुम्ही प्रश्नासोबत लिहिले आहे की ज्या आठवड्यात प्रार्थना चुकल्या त्याच आठवड्यात मुलाचा निकाल वाईट लागला. मुलाचा निकाल त्याच्या अभ्यासाने लागतो, तुमच्या गैरहजेरीने नाही. मुलाला बिचाऱ्याला यातून सोडा.

चांगल्या वागण्याला किंमत नाही का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो विचारताना तुम्हाला जरा राग आला असेल असे वाटते आणि तो राग मला ओळखीचा आहे. एका मंडळीत एक वडीलधारे सभासद होते. सरळ माणूस. मंडळीची वर्गणी, दफनभूमीचे कागद, नाताळचा जमाखर्च, सगळे त्यांच्या हातचे, आणि पैशाचाही घोळ कधी नाही. शेवटच्या आजारात महापालिकेच्या रुग्णालयात होते. मी भेटायला गेलो तेव्हा उशीखाली घडी घातलेला कागद होता. त्यावर पेन्सिलने मंडळीसाठी केलेल्या कामांची यादी, सालवार. मला म्हणाले, “पाळकसाहेब, हे एवढे आहे. पुरेल ना?” मी काही न बोलता लूकचा तेविसावा अध्याय काढला आणि प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराचा भाग वाचला, ज्याला शेवटच्या घटकेला सुखलोकाचे वचन मिळाले. ते एकदम तापले. “म्हणजे मी चोर का? त्याने काय केले आयुष्यभर? आणि मी?” शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. नर्सने मला बाहेर जायची खूण केली.

मला त्यांचे बोलणे उद्धटपणाचे वाटले नाही. कृपेची शिकवण ज्याला एकदाही खुपली नाही त्याने ती नीट ऐकलीच नसावी. वाईट माणसाला ती सुटका वाटते, चांगल्या माणसाला अपमान. पुढच्या भेटीत त्यांनी यादीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. आम्ही एक गीत म्हटले आणि प्रभुभोजन झाले. कागद उशीखाली होता की नव्हता, मी पाहिले नाही.

त्यांचा प्रश्न मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या कामकऱ्यांचाच आहे, आणि तो दाखला समजायला मुंबईकराला भाष्यग्रंथ नको. सकाळी सात-आठला उपनगरातल्या कोणत्याही मजूर नाक्यावर जा. थापी, ओळंबा, रंगाचे ब्रश, पिशवीत डबा घेऊन माणसे उभी असतात. मुकादम येतो, धट्टेकट्टे निवडून नेतो. ऊन चढले की उरलेले पांगू लागतात. आता समजा, एखादा मालक दुपारी पाच वाजता तिथे येतो आणि अजून उभ्या असलेल्या चार जणांना घेऊन जातो. पाचला नाक्यावर कोण उरलेला असणार? म्हातारा, लंगडा, आदल्या रात्री प्यालेला, नाहीतर शहरात नवा आलेला, ज्याला कोणी ओळखत नाही. संध्याकाळी मालक पैसे वाटायला लागतो आणि सुरुवात पाचवाल्यांपासून करतो, पूर्ण रोजीने. सकाळपासून घमेली वाहिलेला माणूस ते बघतो आणि साहजिकच मनात हिशेब करतो. मग त्यालाही तेवढेच मिळतात, जेवढे ठरले होते तेवढेच.

त्याचे काही कमी केले नाही, तरी तो कुरकुरतो. कारण त्याला रोजीपेक्षा फरक हवा होता. त्याच्या आणि पाचवाल्याच्या मधला. आपल्या चांगल्या वागण्याला किंमत आहे का, असे आपण विचारतो तेव्हा पुष्कळदा हेच विचारत असतो: माझ्या त्या भावापेक्षा मला जास्त आहे ना? तुमच्या मनात हे आहे असा आरोप मी करत नाही. पण खोलीचे भांडण आहे, तेव्हा एकदा तपासून बघा.

मग चांगले वागायचेच कशाला? इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायातले आठवे आणि नववे वचन आपण शब्बाथ शाळेत पाठ करतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे देवाचे दान, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. बक्षीस मिळते ते तिथपर्यंतच. दहावे वचन कोणी पाठ करून घेत नाही. त्यात पौल म्हणतो की देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये निर्माण केले ते सत्कृत्ये करण्यासाठी. कर्मांनी नाही, पण कर्मांसाठी. याकोबाचे पत्र वाचून लोक गोंधळतात, विश्वास कर्मांवाचून निर्जीव आहे असे तो ठणकावतो म्हणून. ल्यूथरला ते पत्र इतके खटकले की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले, ही त्याची घाई होती असे माझे मत. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. देवाने अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला ते उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. इसहाकाला वेदीवर ठेवले ते बाविसाव्यात. पौल पंधराव्यावर बोट ठेवतो, याकोब बाविसावा दाखवून म्हणतो, तो विश्वास जिवंत होता हे इथे दिसले. बाविसावा अध्याय पंधराव्याच्या आधी आणता येत नाही, एवढे सांभाळले की झाले.

मुंबईतलेच एक नाव सांगतो. कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल चर्चसमोरून तुम्ही गेला असाल. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन माणूस, तरुणपणी देव न मानणारा. विश्वास ठेवल्यावर १८४८ मध्ये मुंबईला आला, काही काळाने मिशनचा पगार नाकारला, गरीब वस्तीत अगदी साधेपणाने राहिला आणि १८८८ मध्ये इथेच वारला. आधी देवाने त्याला धरले, पगार सोडणे नंतर आले. हिशेब चुकता करायला कोणी चाळीस वर्षे असा राहत नाही, कंटाळून जातो.

एक जाता जाता. ‘कॅथलिक लोक कर्मांनी तरायला बघतात, आपण कृपेने’ असे आपल्याकडे सर्रास बोलतात, विशेषतः माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेची गर्दी बघून. बोलू नका. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, असे त्यात दोघांनी मिळून म्हटले आहे. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. मतभेद उरले आहेत आणि ते लहान नाहीत. पण कर्मावर टेकणे हे कोणा एका चर्चचे वैशिष्ट्य नाही. ते वांद्र्यात आहे, भायखळ्यात आहे, तुमच्या बाकावर आहे. आणि आपली मराठी माती तर पाप-पुण्याच्या हिशेबात मुरलेली. त्याच मातीत संतांनी ‘पतितपावन’ म्हणून हाक मारली हेही खरे, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगाच नाही.

आता प्रभुभोजन. तुम्ही करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाला घाबरून मागे बसता हे मला कळते. अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरेल, हे वाक्य ऐकून कितीतरी भली माणसे वर्षानुवर्षे मेजापासून दूर राहिली आहेत. पण तिथे काय चालले होते ते वरच्या ओळींत लिहिले आहे. काही जण आपले जेवण आधीच उरकत, कोणी भुकेला राही तर कोणी पिऊन तर्र होई. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे पौल खडसावतो. मेजावर येण्याची रीत अयोग्य होती. योग्य माणसांनीच यावे असे असते तर पहिल्या रात्रीही मेज रिकामेच राहिले असते. शिष्य पेत्र तिथे होता, आणि कोंबडा आरवायच्या आधी त्याने प्रभूला ओळखतच नाही असे तीनदा म्हटले, ते आपल्याला माहीत आहे.

तरी भावाचे प्रकरण मी बाजूला ठेवू देणार नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हेही प्रभूचेच शब्द आहेत, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले. तुम्ही त्याचा अर्थ ‘समेट होईपर्यंत येऊ नको’ असा लावलात आणि दोन्हीकडे गेलाच नाहीत. ना मेजाकडे, ना भावाकडे. श्रीमंत जकातदार जक्कयाचे बघा. उंबराच्या झाडावर बसलेल्या त्या माणसाला प्रभू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरले. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत देण्याचे जाहीर केले ते त्यानंतर. पैसे परत करून ये, मग जेवायला येतो, असे प्रभू म्हणाला असता तर जक्कय अजून झाडावर असता.

म्हणून या रविवारी पुढे जा. भावाशी वागताना जे चुकले ते सामान्य पापकबुलीत सगळ्यांबरोबर नाही, मनात नाव घेऊन कबूल करा, आणि भाकर घ्या. त्याच संध्याकाळी भावाला फोन करा. खोलीबद्दल पहिल्या फोनमध्ये बोलू नका, वडिलांच्या आजारपणात त्याला टाकून बोललो असे तुम्ही लिहिले आहे, त्याची माफी मागा. ‘तूही बोललास’ हे जोडू नका. दुसऱ्या वेळी कागदांबद्दल बोला. विकासकाशी करार नोंदवायच्या आधी त्याचा हिस्सा लिखित होऊ द्या, वकिलाच्या सल्ल्याने. तोंडी शब्दावर ठेवलेत तर पुढच्या पिढीत चुलतभावंडे भांडतील. तो फोन उचलणार नाही असे होऊ शकते. रोमकरांच्या बाराव्या अध्यायात पौल ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ असे म्हणून मगच सर्वांशी शांतीने राहायला सांगतो. उचलला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करा, आणि त्या रविवारीही मागच्या बाकावर बसू नका.